उंदीर आढळले नाहीत

फेब्रुवारीतला पहिला सोमवार, सकाळचे दहा. अडकलेली रक्कम सहा लाख ऐंशी हजार रुपये. हजर: आमच्या खरेदी विभागाचे साहेब, मी आणि भिंतीवरचा मोठा पडदा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळाचं नाव त्या पडद्यावर लाल झालं होतं.

आमची पुण्याची कंपनी खाण्याचे पदार्थ परदेशी पाठवते. त्यात बिनरसायनाच्या गुळाच्या एक-एक किलोच्या ढेपाही असतात. खरेदीत मला सव्वीस वर्षं झाली. पूर्वी माल कमी आला तर आम्ही फोन करायचो. समोरचा चढ्या आवाजात बोलायचा, आम्हीही बोलायचो आणि दुपारपर्यंत काहीतरी मार्ग निघायचा. आता प्रत्येक ढेपेवर चौकोनी ठिपक्यांचा शिक्का असतो. लंडनच्या बाईने त्यावर फोन धरला की ऊस कुणाच्या शेतातला ते तिला दिसतं. त्यासाठी पुरवठादाराने रोज संध्याकाळी मोबाइलमध्ये भरायचं, ऊस किती आला आणि गूळ किती निघाला. शंभर किलो उसाला अकरा किलो गूळ असं गणित संगणकाला शिकवलेलं आहे. गूळ कमी भरला की तो कारण विचारतो, कारण पाहून गुण देतो आणि गुण घसरले की पुढची ऑर्डर आपोआप बंद होते. कुणाला कुणाशी भांडावं लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा म्हणून सांगतात.

या गुऱ्हाळाने वीस दिवसांत शंभर टन ऊस गाळला होता. अकरा हजार किलो गूळ निघायला हवा होता. दोनशेवीस किलो कमी भरला. आणि रोज संध्याकाळी न चुकता एकच कारण निवडलेलं: ‘उंदीर, घुशी किंवा कीड यांनी खाल्ले.’

“दिवसाला अकरा किलो,” साहेब म्हणाले. “म्हणजे गुऱ्हाळ उंदरांचं असणार आणि मालक तिथे भाड्याने राहत असणार.”

“फोन करून विचारू का?”

“फोनची नोंद कुठे करणार? जाऊन या. फोटो आणा.”

हंगामातला आठ टन गूळ घ्यायचा बाकी होता, किलोला पंच्याऐंशी रुपयांनी. महिना-दीड महिन्यात गुऱ्हाळांची चुलाणं विझतात. तोवर नाव लालच राहिलं तर तो गूळ बाजार समितीच्या सौद्यात मिळेल त्या भावाला जाणार होता.

घरी सुनीताने, म्हणजे बायकोने, माझ्या बॅगेत साखर मोजायचं यंत्र आधी ठेवलं आणि कपडे नंतर. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. “गुळाच्या गावाला निघालाय,” ती म्हणाली. “नाकाने हवं तेवढं घ्या. तोंड मिटलेलं ठेवा.”

कोल्हापूर, मंगळवार

मुक्काम कसबा बावड्याच्या बाजूला होता. सकाळी खिडकीतून पाहिलं तर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॉलीवर घराएवढा ऊस आणि त्यावर निवांत बसलेला एखादा माणूस. लॉजचा मालक म्हणाला, “कारखान्याला घातला की एकदाच घालायचा आन् गप बसायचं. गुऱ्हाळाचं तसं न्हाय. रोज जागायला लागतंय. कोण करतंय आता?”

रिक्षाने मुरगूडच्या रस्त्याला लागलो तसा दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. काही शेतांत तुरे आले होते. उन्हात पांढरे, रेशमासारखे, सगळे एकाच दिशेला वाकलेले. राधानगरी धरणाचं पाणी इथल्या मातीत असं मुरलंय की बांधावरचं गवतसुद्धा जाड आहे. मग एका वळणावर वास आला. सुनीताने ज्या नाकाची परवानगी दिली होती, त्याने मी तो घेतला. कढणाऱ्या रसाचा, ओल्या धुराचा, थोडा करपट. सहा वर्षांत चहातसुद्धा गोड न घेतलेल्या माणसाला तो वास काय करतो, ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही. रिक्षावाल्याला मी विनाकारण सावकाश चालवायला सांगितलं.

गुऱ्हाळ

पत्र्याची उंच शेड, मधोमध जमिनीत खोदलेलं चुलाण, त्यावर काहील. काहील म्हणजे पाच-सहा माणसं फेर धरून बसतील एवढी लोखंडी कढई. बाजूला घाणा घरघरत होता आणि वाळलेल्या चिपाडाचा ढीग शेडपेक्षा उंच होता.

मी नियमाप्रमाणे डोक्यावर टोपी आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. दहा पावलं गेलो असेन. गूळ ओततात त्या वाफ्याच्या कडेला डावी पिशवी चिकटली, मी पुढे गेलो आणि ती मागे राहिली.

“उंदराचं सायब आलं रं!” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मालक भीमराव अण्णा पुढे आले. साठीचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आवाज घाण्याच्या वर. “या पावणं! ती पिशवी ऱ्हाऊ द्या तितंच, दुसरीबी काडा. आदी रस घ्या, मग उंदरं बगा.”

“मी रस घेत नाही. साखर आहे मला.”

“आमच्यात बी हाय की साखर, घरटी एकाला! घ्या अर्धा गिलास.”

“नको. आणि तपासणीला आलेल्याने पुरवठादाराचं काही खायचं नसतं.”

अण्णांचा हात ग्लाससकट मधेच थांबला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, सगळे त्यांना काकी म्हणतात, तो ग्लास काढून घेतला आणि मागच्या माणसाला दिला. नवऱ्याला म्हणाल्या, “खात न्हाईत, पीत न्हाईत. आलं कशाला मग?”

दोन तास मी उंदीर शोधले. गोदाम पाहिलं, चिपाडाच्या ढिगाभोवती फिरलो, बारदानं उलटी केली, कोपऱ्यात बॅटरी मारली. एक लेंडी नाही. रसातला मळ वर यावा म्हणून घालायची रानभेंडी एका पिंपात भिजत होती, तीसुद्धा झाकलेली. गोदाम माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. हे मी सुनीतासमोर बोलणार नाही.

आणि दोन तासांत दुसरंच काही दिसत होतं. रस्त्याने जाणारा दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने रस प्यायला, गेला. शाळेच्या दोन बाई स्कूटीवरून उतरल्या, उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून घेतला, फुंकत फुंकत खाल्ला. एक म्हातारा स्टीलचा डबा घेऊन आला, त्यात काकवी, म्हणजे गुळाआधीचा दाट पाक, भरून घेऊन गेला. एका कुटुंबाची गाडी नुसता वास आला म्हणून वळली होती. काहिलीवरचे गुळवे दस्तगीरमामू, ज्यांनी गूळ झाला म्हटल्याशिवाय काहील उतरत नाही, प्रत्येकाला विचारत होते, “कुठलं पावणं?” उत्तराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. हात आधीच भरलेला असायचा. पैसे कुणी विचारले नाहीत आणि कुणी काढलेही नाहीत.

मी मोजत होतो. सवयच आहे. दुपारी दोनपर्यंत एकसष्ट माणसं.

“मोबाइलमध्ये कोण भरतं?” मी विचारलं.

अण्णांची सून रुपाली भरते. बी.कॉम. झालेली, बोलायला नीटस. शेडमध्ये नेटवर्क येत नाही म्हणून ती रोज संध्याकाळी चिपाडाच्या ढिगावर चढते आणि तिथून माहिती पाठवते. मी तिला उंदरांबद्दल विचारलं. तिने पदर सावरला आणि फोन माझ्यापुढे धरला.

“सर, ह्यात चारच कारणं हायेत. गळती. करपलं. चोरी. आन् उंदीर-घुशी-कीड यांनी खाल्लं. आमच्यात गळत न्हाय. मामू करपू देत न्हाईत. चोरी म्हणलं तर पावण्यास्नी चोर म्हणल्यागत व्हतंय. ऱ्हायलं काय? खाल्लं ह्ये खरं हाय. म्हणून जिथं खाल्लं लिवलंय ते दाबलं.”

काहिलीवरून दस्तगीरमामू ओरडले, “म्हंजी परवा मुरगूडचं सरपंच आलतं, ते उंदरात का घुशीत?”

शेड हसली. रुपाली हसली नाही. “सर, माझ्यामुळं बंद झाली व्हय ऑर्डर?” तिने हळू विचारलं. “आण्णा काय बोलत न्हाईत. पर ऊस तोडून पडलाय. कारखान्याची नोंद बी केली न्हाय आमी ह्या वर्षी. तुमच्या भरवशावर.”

मी म्हटलं, “बघू.” खरेदीतला माणूस दुसरं काय म्हणतो?

चिपाडाच्या ढिगावर चढून मी साहेबांना फोन लावला. बूट निसटत होते. खालून तोंडं वर करून सगळे पाहत होते.

“पाहुणे?” साहेब म्हणाले. “अहो, पाहुणे असा पर्याय नाही यादीत.”

“टाकता येईल का?”

“बदलाची मागणी द्यावी लागेल. जूनमध्ये होईल.”

“जूनमध्ये गुऱ्हाळ नसतं.”

“मग पाहुणे बंद करायला सांगा. पाटी लावा, प्रवेश निषिद्ध. स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरोबर आहे ते. आजच्या आज नाव मोकळं करतो.”

मी खाली उतरलो आणि जसं होतं तसं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग काहिलीखाली चिपाडं टाकणाऱ्या माणसाला म्हणाले, “थांब जरा.” आणि मला म्हणाले, “पावणं, गुऱ्हाळावर आल्याला माणूस कोरडा गेला तर गूळ बसत न्हाय. आमच्या बानं सांगितलं न्हाय, त्येच्या बानं सांगितलं न्हाय, कुणी सांगायलाच लागलं न्हाय. पाटी लावायची असली तर त्यापरास चुलाण इजवतो. सौद्याला घालतो गूळ, पडंल तो भाव पडंल.”

“अण्णा, सहा लाख ऐंशी हजार आहेत.”

“मला आकडा येतोय की.”

रुपाली चिपाडाच्या ढिगाशी पाठ करून उभी राहिली. घाणा तेवढा चालू होता.

मुक्काम

त्या दिवशी परत कोल्हापूरला जायला अण्णांनी सोडलं नाही. “तपासणी उद्या करा, जेवायला काय तपासणी लागतीया?” गुऱ्हाळामागेच घर. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा, वांग्याची रस्सेदार भाजी, घट्ट दही. नियमात बसतं की नाही याचा मी विचार केला आणि जेवलो. भाकरी हातावर थापलेली, पातळ, कडेला किंचित जळलेली. दुसरी घेतली. तिसरी मी मागितली, आणि काकी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या.

जेवताना मी आमच्याकडची पद्धत सांगितली. आमच्या सोसायटीच्या फाटकावर कुणी आलं की आधी फोनवर परवानगी मागतात. पाहुणा, सामान पोचवणारा, टॅक्सी असे तीन रकाने आहेत. महिनाअखेर मी यादी पाहतो. जानेवारीत आमच्या घरी सामान पोचवणारे अडतीस आले. पाहुणे दोन, त्यातला एक विमावाला.

“आन् दुसरं?” दस्तगीरमामूंनी विचारलं. तेही पंगतीला होते.

“चुकून आमच्या दाराशी आलेले. वरच्या मजल्यावरचे.”

मामू हसायला तोंड उघडून थांबले. काकींनी माझ्या ताटात न विचारता दही वाढलं. मला तिथे बसून राहावंसं वाटलं. ताट उचललं गेलं, हात धुतले, तरी मी पाटावरच होतो. घरी आमची जेवणं वीस मिनिटांत होतात.

तेवढ्यात काकींनी देवासमोर ठेवलेली वाटी उचलली, नैवेद्याची. ती पाहून अण्णा म्हणाले, “बग, आपुन देवाला बी आदी वाडतो. त्येला ‘येऊ नको’ म्हणून पाटी लावतो व्हय?”

काकी म्हणाल्या, “आदी वाडतो, तेच म्हणतीया मी. सगळी जेवून उठल्यावर ताटातलं कमी पडलं म्हणून देवाच्या नावावर लिवत न्हाय कुणी. पावण्याचं बी आदी काडून ठेवा की. मागनं हिशेब कशाला लागतोय?”

मी आणि रुपालीने एकमेकांकडे पाहिलं. ती उठून फोन घेऊन आली. ऊस आला की त्याची नोंद करायचं जे पहिलं पान आहे, त्यात तळाशी एक ओळ होती: ‘शेतकऱ्याने घरगुती वापरासाठी ठेवला.’ आम्ही दोघांनी ती ओळ शंभरदा पाहिली असेल आणि रिकामी सोडली असेल. दिवसाला अकरा किलो गूळ म्हणजे शंभर किलो ऊस. शंभर किलो उसाचा भारा तोलून, नोंद करून, आधीच बाजूला काढायचा. तो ऊस आमच्या मालात येणारच नाही. त्याचा रस वेगळ्या काहिलीत.

“वेगळी काहील कुठली?” मी विचारलं.

“जुनी हाय की माळ्यावर, लहान,” अण्णा म्हणाले. “पर ऐका. अकरा किलो संपला आन् पावणं आलं तर?”

“तर घरातनं,” काकी म्हणाल्या. “आमी मेलो न्हाय अजून.”

बुधवार

सकाळी लहान काहील शेडबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली मांडली. मामूंनी आधी कुरकुर केली, म्हणाले, ह्यात गूळ करायचा म्हंजी चमच्यात अंघोळ. मग स्वतःच उकिडवे बसून आच बघायला लागले. मोठ्या शेडच्या तोंडाला आम्ही कासरा बांधला, पाहुण्यांनी अलीकडे थांबायचं. लोकांना ते उलट आवडलं. सावली होती आणि मामू गप्पांना मोकळे होते. रुपालीने भारा तोलला, नोंद केली. संध्याकाळी मोठ्या काहिलीचा हिशेब जुळला. दोन किलोंचा फरक राहिला, एवढा संगणक माफ करतो.

मी तिथेच कागद गुडघ्यावर ठेवून अहवाल लिहिला. पहिलं वाक्य: ‘उंदीर आढळले नाहीत. पाहुणे आढळले.’ खाली वीस दिवसांचा हिशेब, नवी पद्धत, फोटो. ढिगावर चढून पाठवला. अर्ध्या तासाने ढिगावर बसलेल्या रुपालीचा फोन वाजला. ती वरूनच ओरडली, “आण्णा, हिरवं झालं!” अण्णांनी घाणेवाल्याला शिवी घातली, प्रेमाची, आणि तोंड फिरवून चुलाणाकडे बघत राहिले.

काकींनी उसाच्या कांडक्यावर गरम गुळाचा गोळा गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. बाहेरून तार निघत होती, आत मऊ, जिभेला चटका. मी उभ्याने, सावकाश, सगळा खाल्ला. कांडकंसुद्धा चघळलं. साखरेच्या नोंदीत त्या दिवसाची जागा मी कोरी ठेवली आहे.

निघताना अण्णांनी एक किलोची ढेप वर्तमानपत्रात बांधून बॅगेत कोंबली. “वैनीस्नी द्या. आन् पुढल्या माघात या. काम असू दे नसू दे. या म्हंजी या, पावणं.”

पुणे

ढेप फडताळात वरच्या फळीवर आहे. सुनीता सणाला थोडी फोडते. फडताळ उघडलं की वास येतो आणि मी तसाच उभा राहतो. ती ओरडते, दार लावा म्हणून. कॅलेंडरवर माघ कधी येतो ते मी दोनदा पाहिलंय.

हंगाम संपला. आठ टन गूळ आला, एकही ढेप परत गेली नाही. पण आमच्या खात्यात एक नियम आहे. पुरवठादाराकडून घेतलेली कोणतीही वस्तू जाहीर करायची आणि तिची किंमत भरायची. कुणी विचारत नाही, बरेचजण भरतही नाहीत. मी भरतो. सव्वीस वर्षं भरत आलोय. मी अर्ज भरला: गूळ, एक किलो, पंच्याऐंशी रुपये. मला वाटलं होतं, पूर्वीसारखेच ते कल्याण निधीला जातील. संगणकाने ते माझ्या पगारातून कापले आणि थेट ज्याचा माल त्याच्या बँक खात्यात टाकले.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला.

“पावणं, खात्यात पंच्याऐंशी रुपय पडल्यात. तुमचं नाव हाय. कसलं?”

“त्या ढेपेचे, अण्णा. नियम आहे आमचा.”

मागे रुपालीचा आवाज आला, “आण्णा, ह्ये कशात धरू? विक्रीत?”

“धर विक्रीत,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “बरं सायब.” आणि फोन ठेवला. या म्हणाले नाहीत.

आठ टन गुळाचे सहा लाख ऐंशी हजार रुपये मार्चअखेर भीमराव अण्णांना कंपनीने दिले. एका ढेपेचे पंच्याऐंशी रुपये त्यांनाच, मी.